ताब्याआधीची भेग कोणाच्या खात्यावर?

नव्या घराच्या भिंतीला ताबा मिळण्याआधीच तडा गेला, तर त्याचा खर्च कोणी सोसायचा हे तडा कशामुळे गेला यावर ठरते. वादळ, पूर, आग किंवा भूकंप यांनी बांधकामाचे नुकसान झाले तर तो अपघात, आणि त्याचा विमा उतरवता येतो. पाया उथळ घेतला, सळई बारीक वापरली, काँक्रीटला पुरेसे पाणी मारले नाही म्हणून तडा गेला तर तो दोष. दोष दुरुस्त करण्याची जबाबदारी बांधणाऱ्याची असते आणि विमा कंपनी सहसा त्यात पडत नाही. घर घेणाऱ्यांचा बराचसा मनस्ताप या दोहोंच्या सरमिसळीतून येतो. ‘कामाचा विमा काढलेला आहे’ असे बिल्डर सांगतो तेव्हा तो अपघाताबद्दल बोलत असतो, आणि ऐकणारा घराच्या दर्जाची हमी मिळाली असे समजून निर्धास्त होतो.

हा फरक समजून घ्यायला परभणी तालुक्यातले पिंगळी हे चांगले ठिकाण आहे. परभणी-पूर्णा लोहमार्गावरचे हे गाव, महसूल मंडळाचे ठिकाण. पूर्णा, दुधना आणि गोदावरी यांच्या या जिल्ह्यात जमीन भारी काळी, कापसाची. अशा गावात घर मिळण्याच्या वाटा दोन. एक म्हणजे स्वतःच्या जागेवर गुत्तेदाराला काम देऊन घर बांधून घेणे. दुसरी, तालुक्याच्या गावी म्हणजे परभणीत एखाद्या अपार्टमेंटमध्ये फ्लॅट घेणे. दोन्ही वाटांवर कायदा वेगळा आणि विम्याची गरजही वेगळी. पायाखालची माती मात्र तीच.

या मातीचा विचार आधी करावा लागतो, कारण मराठवाड्यातल्या नव्या घरांच्या तड्यांचे मूळ पुष्कळदा तिथेच सापडते. दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून झालेल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकण-खनिज भरपूर असते. ते पाणी पिऊन फुगते आणि सुकले की आक्रसते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की त्याच भेगा बुजून जमीन वर येते. ओलीचा हा चढउतार साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत जाणवतो. पाया त्यापेक्षा उथळ असेल तर वर्षातून एकदा घर उचलले जाते आणि एकदा खाली बसते, आणि तेही सगळीकडे सारखे नाही. न्हाणीघराच्या बाजूची माती बारमाही ओली, ओसरीखालची कोरडी. घराचा एक कोपरा वर राहतो, दुसरा खचतो आणि भिंतीत तिरपा तडा जातो. यात एक उलटी गंमत आहे. जड इमारतीपेक्षा एकमजली हलक्या घराला हा त्रास जास्त होतो, कारण फुगणाऱ्या मातीला दाबून धरण्याइतके त्याचे वजनच नसते.

जुन्या वस्त्या बहुधा पांढरीवर, म्हणजे गावठाणाच्या जागेवर वसलेल्या असत. काळी पिकासाठी राखलेली असे. आता प्लॉटिंग होते ते रस्त्याकडेच्या शेतात, म्हणजे थेट काळीवर. त्यावर उपाय नाहीत असे मुळीच नाही. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा मातीसाठी तळाशी फुगवटा असलेल्या ‘अंडर-रीम्ड’ पाइलची पद्धत विकसित केली. मुंबईच्या आयआयटीत प्रा. आर. के. कट्टी यांनी न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर खाली घालण्याची पद्धत अभ्यासली. साध्या घरासाठी काळी माती पूर्ण काढून कठीण मुरमापर्यंत जाणे, मुरमाचा दाबून भराव करणे, प्लिंथ बीमखाली थोडी पोकळी सोडणे आणि घराभोवती पाणी मुरू नये म्हणून फरसबंदी करणे, एवढ्यानेही बराच फरक पडतो. माती किती फुगते हे एका साध्या चाचणीने कळते. भारतीय मानकाप्रमाणे मुक्त फुगवटा ५० टक्क्यांच्या वर गेला तर ती माती ‘अति-प्रसरणशील’ समजतात. ही चाचणी घराच्या एकूण खर्चापुढे किरकोळ रकमेत होते, तरी ती करणारे थोडे. पुढे वाद झाला की हाच न केलेल्या चाचणीचा कागद सगळ्यात आधी मागितला जातो.

तड्याच्या वेळेलाही महत्त्व आहे. हिवाळ्यात स्लॅब पडतो, उन्हाळ्यात गिलावा आणि फरशी होते, गुढीपाडवा किंवा अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त धरून वास्तुशांती उरकते. घर तोवर फक्त कोरड्या मातीवर उभे राहिलेले असते. तडा दिसतो श्रावणात, म्हणजे चावी हाती आल्यावर. दोष ताब्याआधीचा आणि दर्शन ताब्यानंतरचे, अशी ही गाठ असते.

ताब्याआधीच्या काळात जोखीम कोणाची, हे भारतात १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यापासून ठरलेले आहे. त्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे विक्रीचा करार झाल्यापासून ताबा देईपर्यंत विक्रेत्याने मालमत्तेची काळजी शहाण्या मालकाप्रमाणे घ्यायची असते, आणि खरेदीदाराला सहज न दिसणारा महत्त्वाचा दोष माहीत असेल तर तो उघड करायचा असतो. मालकी खरेदीदाराकडे गेली की पुढच्या नुकसानीची जोखीमही त्याच्याकडे जाते, अर्थात ते नुकसान विक्रेत्यामुळे झाले नसेल तर. ४९ वे कलम फारसे कोणाला ठाऊक नसते. विकलेल्या मालमत्तेचा हस्तांतराच्या दिवशी आगीचा विमा असेल आणि नुकसान झाले, तर विक्रेत्याला मिळालेली विम्याची रक्कम मालमत्ता पूर्ववत करण्यासाठी वापरावी, अशी मागणी खरेदीदार करू शकतो. करारात उलट काही लिहिले नसेल तरच. म्हणूनच करारातल्या बारीक अक्षरांतला विम्याचा परिच्छेद वाचणे अटळ आहे.

बांधकाम चालू असतानाच्या विम्याला ‘कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क्स’ पॉलिसी म्हणतात. विमा व्यवहारात तिचे नाव ‘सीएआर’. सामान साइटवर उतरल्यापासून काम पूर्ण होईपर्यंत आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, चोरी आणि कामगारांच्या चुकीने झालेला अपघात एवढे सगळे तिच्यात येते. मालक, मुख्य गुत्तेदार आणि पोटगुत्तेदार यांची नावे एकाच पॉलिसीत घालता येतात, आणि घालावीत. नाहीतर नुकसान झाल्यावर ‘ज्याचे नाव त्याचा पैसा’ असा वाद होतो. दुसरा भाग तिऱ्हाइताच्या नुकसानीचा. गावठाणात दोन घरांची भिंत सामाईक असते किंवा एकमेकींना टेकलेली असते. नव्या घराच्या फुटिंगसाठी खोल खड्डा घेतला आणि शेजारच्याची मातीची भिंत बसली, तर भरपाईचा प्रश्न इथे येतो. मात्र आधार काढल्यामुळे किंवा हादऱ्यामुळे शेजारच्या बांधकामाला झालेली इजा नेहमीच्या पॉलिसीत नसते. त्यासाठी जादा हप्ता भरून वेगळी पुरवणी घ्यावी लागते.

दोषाबाबत या पॉलिसीची भाषा काटेकोर आहे. चुकीच्या आराखड्यामुळे झालेले नुकसान वगळलेले. सदोष माल किंवा सदोष कारागिरी बदलण्याचा खर्चही वगळलेला. पण माल-कारागिरीचे हे वगळणे फक्त त्या सदोष भागापुरते असते. त्या दोषातून अपघात होऊन दुसरे चांगले काम मोडले, तर त्या चांगल्या कामाची भरपाई मिळते.

एक उदाहरण घेऊन हे पाहता येईल. भारतीय मानक ४५६ प्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याखालचे १४ दिवस ठेवायचे. सहा मीटरपेक्षा लांब बीमखाली २१ दिवस. सेंट्रिंगच्या फळ्या दुसऱ्या साइटवर हव्यात म्हणून मिस्त्री मोठ्या गाळ्याचे टेकू पाचव्या दिवशी काढतो आणि स्लॅब खाली येतो. खाली बांधून झालेल्या विटांच्या भिंती, रचून ठेवलेल्या फरशांच्या पेट्या आणि दाराच्या चौकटी मोडतात. भिंती, फरशा आणि चौकटी यांचा दावा उभा राहू शकतो. स्लॅबचे काय, यावर सर्वेक्षक आणि गुत्तेदार यांची जुंपते: टेकू लवकर काढणे हा कारागिरीचा दोष की कामाच्या ओघातला अपघात? जाणूनबुजून केलेला किंवा घोर निष्काळजीपणा ठरला तर सगळाच दावा धोक्यात येतो. टेकू कधी लावले आणि कधी काढले याची तारखांसह नोंद असेल तर वाद लवकर मिटतो. छोट्या साइटवर ती नोंद बहुधा मिस्त्रीच्या डोक्यातच असते.

विम्याची रक्कम कमी धरण्याची सवय त्याहून महाग पडते. हप्ता वाचवण्यासाठी २० लाखांच्या कामाचा विमा १२ लाखांचा काढला आणि ३ लाखांचे नुकसान झाले, तर कंपनी ३ लाख देत नाही. १२ भागिले २० या प्रमाणात १ लाख ८० हजार धरते आणि त्यातून पॉलिसीत ठरलेली मालकाने सोसायची रक्कम वजा करते. विम्याची रक्कम काम पूर्ण झाल्यावरच्या किमतीची, म्हणजे मजुरी, वाहतूक आणि मालकाने स्वतः आणून दिलेले सिमेंट-सळई धरून असायला हवी. गुत्ता ‘मजुरीवर’ दिलेला असेल आणि माल मालकाचा असेल, तर गुत्तेदाराच्या नावावरच्या पॉलिसीत मालाची किंमत गाळली जाते. ग्रामीण भागात गुत्ते असेच दिले जातात, म्हणून हे लक्षात ठेवायला हवे.

पॉलिसी संपण्याची वेळ हा आणखी एक खाचखळगा. काम पूर्ण झाल्यावर ती संपते हे खरे, पण जो भाग त्याआधी ताब्यात घेतला किंवा वापरायला सुरुवात केली, त्या भागापुरती ती तेव्हाच संपते. वरच्या मजल्याचे काम चालू असताना खाली वास्तुशांती करून कुटुंब राहायला गेले, तर खालचा मजला पॉलिसीबाहेर गेला असे समजावे. दुरुस्तीसाठी गुत्तेदार परत येतो त्या काळासाठी ‘देखभाल’ संरक्षण मिळते, पण ते मागून घ्यावे लागते.

कामगाराच्या अपघाताचे प्रकरण वेगळे. माणूस परातीसह पायाडावरून पडला तर त्याची भरपाई या पॉलिसीतून निघत नाही. ती १९२३ च्या भरपाई कायद्याखाली मालकावर, म्हणजे ज्याने कामावर ठेवले त्याच्यावर येत असे. आता सामाजिक सुरक्षा संहितेत ती तरतूद आली आहे. गुत्तेदाराने कामगारांचा वेगळा विमा घेतला आहे का, हे घरमालकाने काम सुरू होण्याआधी विचारून घ्यावे.

घर पूर्ण झाल्यावरचा विमा म्हणजे ‘भारत गृह रक्षा’. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने, म्हणजे इर्डाने, १ एप्रिल २०२१ पासून ही प्रमाणित पॉलिसी लागू केली. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, जमीन खचणे, पाण्याची टाकी फुटणे, दंगल अशा घटना तिच्यात येतात. घरातल्या सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळते. रक्कम कमी धरली म्हणून दावा प्रमाणात कापण्याची अटही या पॉलिसीत नाही. एवढे वाचून काळ्या मातीवरच्या घरमालकाला हायसे वाटेल, पण ‘जमीन खचणे’ या कलमाखालचे अपवाद वाचले पाहिजेत. नव्या बांधकामाचे नेहमीचे तडे, ते खाली बसणे, भरावाची जमीन हलणे, सदोष आराखडा, सदोष कारागिरी किंवा माल, आणि खोदकाम या कारणांनी झालेले नुकसान त्यात वगळले आहे. म्हणजे पहिल्या पावसाळ्यात मातीच्या फुगण्याने पडलेला तिरपा तडा बांधकामाच्या विम्यात बसत नाही आणि घराच्या विम्यातही बसत नाही. तो बांधणाऱ्याच्याच खात्यावर जातो, किंवा करार ढिला असेल तर घरमालकाच्या.

भूकंपाचा मुद्दा इथे दूरचा नाही. २१ मार्च २०२४ ला हिंगोली जिल्ह्यात आखाडा बाळापूरजवळ केंद्र असलेले ४.५ आणि ३.६ तीव्रतेचे दोन धक्के बसले आणि ते परभणी-नांदेडपर्यंत जाणवले. त्याच वर्षी १० जुलैला पुन्हा ४.५ चा धक्का आला. भूकंप पॉलिसीत आहे. पण सर्वेक्षकाचा पहिला प्रश्न असतो, हा तडा आधी होता का? ताब्याच्या दिवशी प्रत्येक खोलीच्या चारी भिंतींचे तारखेसह फोटो काढून ठेवले असतील, तर या प्रश्नाला उत्तर असते.

कर्ज घेणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक गोंधळ नेहमी होतो. बँकेत सही करताना ‘विमा’ म्हणून जो हप्ता कर्जात मिळवला जातो, तो पुष्कळदा कर्जदाराच्या आयुष्याचा असतो, घराचा नसतो. दोन्ही कागद वेगळे मागून पाहावेत. घराचा विमा असला तरी त्यावर बँकेचे नाव असते आणि मोठ्या नुकसानीत पैसा आधी बँकेकडे जातो.

फ्लॅट घेणाऱ्याच्या पाठीशी २०१६ चा स्थावर संपदा कायदा, म्हणजे रेरा, उभा आहे. महाराष्ट्रात महारेराचे काम २०१७ पासून चालते. कलम १४ च्या तिसऱ्या पोटकलमाप्रमाणे ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत संरचनेतला, कारागिरीतला, दर्जातला किंवा सेवांमधला दोष निदर्शनास आणून दिला, तर प्रवर्तकाने तो ३० दिवसांत कोणताही पैसा न घेता दुरुस्त करायचा. न केल्यास भरपाई द्यायची. पूर्वीच्या १९६३ च्या सदनिका मालकी कायद्यात, म्हणजे मोफात, ही मुदत ३ वर्षे होती. ज्या प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नाही किंवा ज्यात ८ पेक्षा जास्त सदनिका नाहीत, त्याला रेरा नोंदणी लागत नाही. परभणीसारख्या शहरात सहा फ्लॅटच्या इमारती असतात, आणि अशा ठिकाणी खरेदीदाराला मोफा आणि ग्राहक कायदा यांचाच आधार उरतो. ‘रेरा नंबर नाही, छोटा प्रकल्प आहे’ हे वाक्य ऐकले की ५ वर्षांची हमी करारात स्वतंत्रपणे लिहून घ्यावी.

रेराच्या १६ व्या कलमात विम्याचीही तरतूद आहे: जमिनीच्या व इमारतीच्या मालकीहक्काचा विमा आणि बांधकामाचा विमा प्रवर्तकाने काढायचा, त्याचे हप्ते त्यानेच भरायचे आणि विक्रीकरार होताच त्याचा लाभ खरेदीदाराकडे किंवा सोसायटीकडे जायचा. कागदावर ही तरतूद उत्तम. पण ती ‘सरकार अधिसूचना काढील त्याप्रमाणे’ या शब्दांना बांधलेली आहे, त्यामुळे तिच्या भरवशावर खरेदीदाराने राहू नये. मालकीहक्काचा विमा तर आपल्याकडे अजून रुळलेला नाही. हक्कातच दोष निघाला तर १८ व्या कलमाखाली भरपाई मागता येते आणि त्या मागणीला कालमर्यादेची आडकाठी नाही, हा भाग मात्र खंबीर आहे.

ताब्याची वेळही कायद्याने आखलेली आहे. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर दोन महिन्यांच्या आत खरेदीदाराने ताबा घ्यायचा असतो. भोगवट्याशिवाय दिलेल्या ‘फर्निचरसाठी चावी’ या प्रकाराला कायद्यात स्थान नाही, आणि विम्याच्या दृष्टीने तो काळ सर्वांत उघडा. अपुऱ्या इमारतीत माणसे राहू लागली की काय होते हे मुंब्र्याजवळच्या शिळफाट्याने ४ एप्रिल २०१३ ला दाखवले. वरच्या मजल्यांचे काम चालू असतानाच खाली कुटुंबे राहत असलेली ती बेकायदा इमारत कोसळून ७४ जण गेले.

ताबापावतीवर ‘घर पूर्ण समाधानकारक स्थितीत मिळाले, कोणतीही तक्रार नाही’ असे छापलेले असते. ते वाचून पुष्कळ जण हात टेकतात. ताबा घेतला म्हणून कबूल केलेल्या सोयींबद्दल तक्रार करण्याचा हक्क संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका प्रकरणात म्हटले आहे. तरी त्या ओळीखाली सही करण्याऐवजी दोषांची यादी हाताने लिहून, ‘यादीतील दोष दुरुस्त करण्याच्या अटीवर’ असे नमूद करून सही करणे शहाणपणाचे.

ती यादी तयार करायला फार यंत्रे लागत नाहीत. गच्चीवर बांध घालून दोन दिवस पाणी साठवले की वॉटरप्रूफिंगची परीक्षा होते. फरशीवर नाण्याने टकटक केली तर पोकळ जागा बद्द वाजते. न्हाणीघरात बादली ओतून पाणी जाळीकडे जाते की दाराकडे, ते पाहावे. तड्याची रुंदी मोजावी: भारतीय मानक संस्थेच्या तड्यांवरच्या पुस्तिकेत १ मिलिमीटरपेक्षा कमी तो बारीक, १ ते २ मध्यम आणि त्यापुढचा रुंद, अशी वर्गवारी आहे. गिलाव्यावरची केसाएवढी जाळी बहुधा पाणी कमी मारल्याची खूण असते. ती दिसायला वाईट पण धोक्याची नसते. परभणीच्या उन्हात, कोरड्या गरम हवेत, काँक्रीट किमान १० दिवस ओले ठेवायला हवे, आणि नेमके तिथेच टँकरचा खर्च वाचवला जातो. दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा वर चढणारा, विटांच्या सांध्यांतून पायऱ्या करत जाणारा तडा मात्र पायाकडे बोट दाखवतो. तो वाढतो आहे की थांबला, हे कळायला त्याच्या दोन्ही काठांना चिकटेल अशी काचेची पातळ पट्टी प्लास्टरने बसवून त्यावर तारीख लिहितात. काच फुटली म्हणजे घर अजून हलते आहे. ही युक्ती जुनी आहे, खर्च नगण्य आहे आणि ग्राहक आयोगापुढे तिचा फोटो पुष्कळ बोलतो.

बाहेरच्या देशांत दोषालाही विम्याखाली आणले गेले आहे. फ्रान्समध्ये ४ जानेवारी १९७८ च्या कायद्याने बांधणाऱ्यावर दहा वर्षांच्या जबाबदारीचा सक्तीचा विमा आला. शिवाय मालकानेही काम सुरू होण्याआधी वेगळा विमा काढायचा, म्हणजे दोष निघाल्यावर आधी दुरुस्ती होते आणि दोष कोणाचा हे विमा कंपन्या आपसात नंतर ठरवतात. इंग्लंडमध्ये १९३६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय गृहबांधणी मंडळाची हमी करारापासून सुरू होते. ताब्याआधी बिल्डर बुडाला तर अनामत रकमेला संरक्षण, ताब्यानंतर पहिली दोन वर्षे दुरुस्ती बिल्डरकडून आणि पुढे दहाव्या वर्षापर्यंत मोठ्या दोषांसाठी विमा. आपल्याकडे ५ वर्षांची जबाबदारी आहे, पण तिच्यामागे पैसा उभा नाही. प्रवर्तकाची कंपनी गुंडाळली गेली तर आदेश हातात राहतो आणि भिंत तशीच. रेराची ही सर्वांत मोठी उणीव म्हणायला हवी, आणि १६ व्या कलमाची अधिसूचना काढून दोषांचा विमा त्यात आणणे हाच तिच्यावरचा उपाय आहे.

पिंगळीत स्वतःच्या प्लॉटवर घर बांधणाऱ्याला रेरा लागू होत नाही, कारण तिथे विक्री नसते, काम करून घेणे असते. त्याचा आधार २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. गृहबांधणी ही त्यात ‘सेवा’ आहे. १९९३ च्या लखनौ विकास प्राधिकरण प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व आधीच पक्के केले होते. ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या कामाची तक्रार परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची. अडचण पुराव्याची. गुत्ता तोंडी, पैसे रोख, मिस्त्री शेजारच्या गावचा, नकाशा कच्चा, अशा व्यवहारात दोष सिद्ध झाला तरी काय ठरले होते ते सिद्ध होत नाही. प्रधानमंत्री आवास योजनेतल्या घरकुलाची अवस्था आणखी नाजूक आहे. सपाट प्रदेशात केंद्र-राज्याचे मूळ अनुदान १ लाख २० हजारांचे, टप्प्याटप्प्याने फोटो काढून हप्ते मिळणारे. त्यात माती-परीक्षणाला आणि विम्याला जागाच उरत नाही, आणि पहिला तडा लाभार्थ्यालाच सोसावा लागतो.

त्यामुळे ज्याला गुत्ता द्यायचा आहे त्याने पाचशेच्या मुद्रांकावर का होईना, पण लेखी करार करावा: पायाची खोली, मुरूम लागेपर्यंत जाण्याची अट, सळईचा व्यास, सिमेंटचा प्रकार, पाणी मारण्याचे दिवस आणि विमा कोणी कोणत्या रकमेचा काढायचा, एवढे त्यात यावे. शेवटचा हप्ता, निदान एकूण रकमेच्या पाच ते दहा टक्के, घर एक पूर्ण पावसाळा काढेपर्यंत राखून ठेवावा आणि तसे करारातच लिहावे. गुत्तेदार कुरकुरेल, पण सरकारी बांधकामांत अशी रक्कम राखून ठेवण्याची पद्धत जुनीच आहे, आणि काळ्या मातीवर बांधलेल्या घराचा खरा दाखला दिवाळीच्या आत मिळत नाही.